बलांची आकृती: क्रम चुकला की गणित चुकतं

बलांचे प्रकार पाठ असतात, न्यूटनचे तिन्ही नियम न अडखळता म्हणून दाखवता येतात, तरी गणित सोडवायला बसलं की आकृतीत एखादं बल जास्तीचं येतं किंवा एखादं गळून जातं. दहावीपर्यंत हे खपून जातं, कारण तिथे बलं बहुधा एकाच रेषेत असतात. अकरावीला उतार, कप्पी, दोरी आणि लिफ्ट एकदम समोर येतात आणि तेव्हा गोंधळ सुरू होतो.

हा लेख तिथे अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांसाठी आहे. एका वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, जिला कॉलेजात फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, ती कोणत्या क्रमाने काढायची आणि समीकरणाला कधी हात घालायचा, एवढाच विषय इथे घेतला आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळे होतात.

## तयारी: बलांची वेगळी वाटणी

सहावीच्या विज्ञानात बलांचे प्रकार येतात: स्नायू बल, यांत्रिक बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल, स्थितिक विद्युत बल. ओळख करून घ्यायला ही यादी चांगली आहे. गणित सोडवायला मात्र दुसरी वाटणी लागते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आधी ती नीट समजून घ्या.

पहिला गट: ज्यांना स्वतःचं सूत्र आहे अशी बलं. वजन म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. स्प्रिंगचं बल म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक गुणिले ताणलेली किंवा दबलेली लांबी. द्रवाचं प्लावक बल म्हणजे बाजूला सारलेल्या द्रवाचं वजन. या बलांचं मूल्य वस्तूची बाकीची परिस्थिती न बघता काढता येतं.

दुसरा गट: ज्यांना स्वतःचं सूत्र नाही अशी बलं. पृष्ठभागाचं लंब बल, म्हणजे सगळे ज्याला नॉर्मल म्हणतात ते, दोरीतला ताण आणि स्थितिक घर्षण, म्हणजे वस्तू सरकत नसतानाचं घर्षण, ही तीन बलं गरजेपुरतीच असतात. टेबलावर वही ठेवली तर टेबल वहीच्या वजनाइतकंच वर ढकलतं. तिच्यावर शब्दकोश ठेवला तर टेबलाचं बल तेवढं वाढतं. टेबलाचं बल किती, हे टेबलाकडे बघून कळत नाही. ते न्यूटनच्या नियमातून शेवटी बाहेर येतं.

गतिज घर्षण, म्हणजे वस्तू सरकत असतानाचं घर्षण, मधलं आहे. त्याला घर्षण गुणांक (म्यू) गुणिले लंब बल असं सूत्र आहे, पण त्यातलं लंब बल दुसऱ्या गटातलं असल्यामुळे आधी ते काढावं लागतं.

माझ्या मते बलांच्या गणितातल्या निम्म्याहून अधिक चुकांचं मूळ इथेच आहे: दुसऱ्या गटातल्या बलांना पहिल्या गटातली समजून सुरुवातीलाच आकडा चिकटवला जातो. लंब बल म्हणजे वजन, ताण म्हणजे टांगलेल्या वस्तूचं वजन, घर्षण म्हणजे म्यू गुणिले नॉर्मल. ही तिन्ही वाक्यं काही ठिकाणी खरी ठरतात, म्हणून ती सवयीची होतात आणि बाकीच्या ठिकाणी घात करतात.

एककं. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, बल न्यूटनमध्ये. ५० किलोच्या पोत्याचं वजन भौतिकशास्त्रात ५० × ९.८ = ४९० न्यूटन. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८ आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. गणितासाठी ९.८ घ्या. प्रश्नात १० घ्यायला सांगितलं असेल तर शेवटपर्यंत १० घ्या, अध्येमध्ये बदलू नका.

> सावध: शाळेच्या प्रयोगशाळेतल्या अनेक ताणकाट्यांवर (स्प्रिंग बॅलन्सवर) खुणा ग्रॅममध्ये असतात. काटा २५० दाखवत असेल तर बल २५० न्यूटन नसतं. ०.२५ × ९.८ = २.४५ न्यूटन असतं.

जवळ पेन्सिल, पट्टी आणि दोन रंगांची पेनं ठेवा. एका रंगाने बलं आणि दुसऱ्याने त्वरण. दोन रंगांची सक्ती मी मुद्दाम करायला सांगतो, कारण पुढे पाचव्या टप्प्यातली सगळ्यात हट्टी चूक त्यामुळे आपोआप टळते.

## टप्पा १: एकच वस्तू निवडा आणि तिच्याभोवती रेघ ओढा

प्रश्नात पोतं, फळी, टेम्पो, दोरी आणि हमाल असे पाच जण असतात. आकृती मात्र एका वेळी एकाचीच काढायची. निवडलेल्या वस्तूभोवती तुटक रेघेने बंद कड काढा. कडेच्या आत जे आहे ती तुमची वस्तू, बाहेर जे आहे ते बलं लावणारं जग.

दोन वस्तू दोरीने बांधलेल्या असतील तर दोघींना मिळून एक वस्तू मानता येतं, पण मग त्यांच्यामधल्या दोरीचा ताण आकृतीत येत नाही. तो कडेच्या आत गेला. ताण विचारला असेल तर एकीची वेगळी आकृती काढावीच लागते.

गुळगुळीत फरशीवर ६ किलो आणि ४ किलोचे दोन ठोकळे दोरीने जोडले आहेत आणि ६ किलोच्या ठोकळ्याला ५० न्यूटनने ओढलं आहे, असं समजा. दोघांना मिळून पाहिलं तर त्वरण ५० ÷ १० = ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता फक्त मागच्या ४ किलोच्या ठोकळ्याभोवती कड काढा. आडव्या दिशेत त्याला फक्त दोरी ओढते आहे, म्हणून ताण ४ × ५ = २० न्यूटन. तेच बल ४ किलोच्या ठोकळ्याला लावलं आणि ६ किलोचा मागे राहिला तर ताण ३० न्यूटन येतो. बाहेरून लावलेलं बल दोन्ही वेळा ५० न्यूटनच आहे, पण मधल्या दोरीत ते ५० कधीच पोचलं नाही.

> तपासा: आकृतीत दिसणारा प्रत्येक बाण तुमच्या वस्तूवर लागलेल्या बलाचाच आहे ना? तुमच्या वस्तूने दुसऱ्यावर लावलेलं बल या आकृतीत येत नाही.

## टप्पा २: स्पर्शाशिवायची बलं आधी दाखवा

आधी वजन. ते नेहमी सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे. वस्तू उतारावर असली तरी बाण उताराला लंब काढायचा नाही. ही चूक फार जण करतात, कारण वही तिरकी धरली की खाली म्हणजे कुठे हेच विसरायला होतं.

मग प्रश्नात चुंबक किंवा विद्युतप्रभार आहे का ते पाहा. नसेल तर स्पर्शाशिवायच्या बलांत वजन एकटंच. हा टप्पा इथेच संपला.

अंतराळस्थानकात गुरुत्व नसतं, हा समजही इथेच काढून टाका. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं आणि तिथे गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकाच त्वरणाने पडत असतात आणि त्यांच्या पायाखाली लंब बल उरत नाही. वजनाचा बाण त्यांच्या आकृतीतही काढावाच लागतो.

## टप्पा ३: कडेवरून एक फेरी मारा, स्पर्श मोजा

आता पेन्सिलचं टोक तुटक रेघेवर ठेवा आणि वस्तूभोवती एक पूर्ण फेरी मारा. जिथे बाहेरचं काही वस्तूला टेकलं आहे तिथे थांबा आणि विचारा: हे ढकलतं आहे, ओढतं आहे, की घासतं आहे?

- पृष्ठभाग टेकला असेल तर दोन बलं असू शकतात. एक पृष्ठभागाला लंब आणि वस्तूला बाहेर ढकलणारं, दुसरं पृष्ठभागाला समांतर, म्हणजे घर्षण. पृष्ठभाग गुळगुळीत आहे असं लिहिलं असेल तर दुसरं नाही.
- दोरी बांधली असेल तर दोरीच्या दिशेत, वस्तूपासून दूर ओढणारा ताण. दोरी कधीच ढकलत नाही.
- स्प्रिंग असेल तर ताणलेली स्प्रिंग ओढते, दबलेली ढकलते.
- हात, काठी, वारा, पाणी यांचं बल प्रश्नात दिल्याप्रमाणे.

फेरी पूर्ण झाली की यादी पूर्ण झाली. वजन सोडून बाकी प्रत्येक बल कुठल्या ना कुठल्या स्पर्शातून आलेलं असलं पाहिजे, अर्थात चुंबक किंवा प्रभार नसेल तर.

> तपासा: प्रत्येक बाणाजवळ हे वाक्य भरा: "अमक्याने माझ्या वस्तूवर लावलेलं बल." अमक्याच्या जागी नाव लिहिता आलं नाही तर तो बाण खोडा.

दोन बाजूंनी दोन जण ताणकाटा १००-१०० न्यूटनने ओढत असतील तर काटा किती दाखवेल? बरेच जण २०० म्हणतात. काटा १०० न्यूटनच दाखवतो. एका टोकाला भिंत असती आणि दुसरीकडे एकच जण १०० न्यूटनने ओढत असता, तरी भिंतीने १०० न्यूटननेच उलट ओढलं असतं. भिंतीच्या जागी दुसरा माणूस आला, एवढाच फरक.

## टप्पा ४: घर्षणाची दिशा ठरवा

बाकीच्या बलांची दिशा टप्पा ३ मध्येच ठरली. घर्षण वेगळं काढलं आहे, कारण "घर्षण गतीच्या विरुद्ध असतं" हे वाक्य अर्धवट आहे. घर्षण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून सरकण्याला किंवा सरकू पाहण्याला विरोध करतं. वस्तू जमिनीच्या संदर्भात कुठे चालली आहे, याच्याशी त्याला थेट देणंघेणं नाही.

टेम्पोच्या हौद्यात गॅस सिलेंडर उभा आहे आणि टेम्पो सुटला. सिलेंडर टेम्पोबरोबर पुढे जातो. त्याला पुढे कोण नेतं? कडेवरून फेरी मारा: सिलेंडरला टेकलेला फक्त हौद्याचा पत्रा आहे. म्हणजे पुढच्या दिशेतलं बल पत्र्याच्या घर्षणाचं. घर्षण नसतं तर सिलेंडर हौद्यात मागे सरकला असता, म्हणून घर्षण पुढे. इथे घर्षण आणि गती एकाच दिशेत आहेत.

चालतानाही हेच. पाय जमिनीला मागे रेटतो, तळवा मागे सरकू पाहतो, म्हणून जमीन घर्षणाने आपल्याला पुढे ढकलते. ओल्या फरशीवर किंवा शेवाळलेल्या दगडावर हे घर्षण पुरत नाही आणि आपण घसरतो. मोटारसायकल वेग घेताना इंजिन मागचं चाक फिरवतं, त्यामुळे मागच्या चाकावरचं घर्षण पुढच्या दिशेत असतं. ब्रेक लावल्यावर दोन्ही चाकांवर ते मागे वळतं.

दिशा ठरवायची रीत सोपी आहे: क्षणभर घर्षण शून्य आहे असं माना. वस्तू त्या पृष्ठभागावरून कुठल्या बाजूला सरकेल? घर्षण त्याच्या उलट.

## टप्पा ५: आकृतीत नको ते खोडा

आता चार गोष्टी शोधून काढा. यांतली एखादी सापडण्याची शक्यता बरीच असते.

गतीचं बल. वर फेकलेल्या चेंडूवर वर जाणारा बाण काढायची सवय सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट. चेंडू हातातून सुटला की हाताचा स्पर्श संपला. हवेचा रोध सोडला तर चेंडूवर वजन हे एकच बल आहे, वर जाताना, खाली येताना आणि अगदी माथ्यावर वेग शून्य असतानाही. वेग हा बल नाही. वेगाला बाण हवाच असेल तर वस्तूपासून दूर, बाजूला काढा.

वस्तुमान गुणिले त्वरण. हे वेगळं बल नसून सगळ्या बलांची बेरीज जितकी येते तेवढं मूल्य आहे. समीकरणात ते बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे बसतं. बाणांमध्ये त्याला जागा नाही. दुसऱ्या रंगाचं पेन याच्यासाठी होतं: त्वरणाचा बाण वस्तूच्या शेजारी त्या रंगाने काढा, वस्तूला चिकटवू नका.

केंद्राकडचं बल. गोफणीत दगड फिरताना केंद्राकडे ओढणारं बल ताणाचं. वळणावर गाडीला आत वळवणारं बल रस्त्याच्या घर्षणाचं. चंद्राला फिरवणारं बल गुरुत्वाचं. अभिकेंद्री बल हे या बलांनी केलेल्या कामगिरीचं नाव आहे, म्हणून ताण दाखवल्यावर पुन्हा वेगळं अभिकेंद्री बल दाखवलं तर एकच बल दोनदा मोजलं जातं. तसंच एसटीने करकचून ब्रेक दाबला की प्रवाशाला पुढे फेकणारं बल रस्त्यावर उभं राहून पाहणाऱ्याला सापडत नाही. बस थांबते, प्रवासी आधीच्या वेगाने पुढे जात राहतो. आकृती जमिनीच्या संदर्भात काढत असाल तर तो बाण खोडा.

जोडीतलं दुसरं बल. वही टेबलावर आहे. वजन खाली, लंब बल वर, दोन्ही सारखी. म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं कित्येक जण लिहितात आणि ते चूक आहे. तिसऱ्या नियमातली जोडी दोन वेगळ्या वस्तूंवर असते आणि दोन्ही बलं एकाच जातीची असतात. वजन म्हणजे पृथ्वीने वहीला ओढणं, त्याची जोडी म्हणजे वहीने पृथ्वीला ओढणं. टेबलाने वहीला ढकलणं, त्याची जोडी म्हणजे वहीने टेबलाला ढकलणं. वजन आणि लंब बल इथे सारखी आली ती वही स्थिर आहे म्हणून. वही घेऊन लिफ्टमध्ये गेलात तर ती सारखी राहणार नाहीत, जोड्या मात्र तिथेही सारख्याच राहतील.

> तपासा: एकाच आकृतीत क्रिया आणि प्रतिक्रिया दोन्ही दिसत असतील तर टप्पा १ मध्ये कड चुकली आहे. मागे जा.

## टप्पा ६: अक्ष निवडा, मग घटक काढा

वस्तूला त्वरण ज्या दिशेत आहे किंवा असू शकतं, त्या दिशेत एक अक्ष ठेवा. दुसरा त्याला काटकोनात. सपाट जमिनीवर आडवा आणि उभा, उतारावर उताराला समांतर आणि उताराला लंब.

तिरप्या बलाचे घटक केले की मूळ बाणावर बारीक फुली मारा. घटक आणि मूळ बल दोन्ही समीकरणात घेणं ही उत्तरपत्रिकांत वारंवार सापडणारी चूक आहे.

उतारावर वजनाचे घटक करताना साइन कुठे आणि कोसाइन कुठे हा घोळ होतो. पाठ करू नका. उतार शून्य अंशांचा झाला असं समजा: वस्तू घसरणार नाही, म्हणजे समांतर घटक शून्य व्हायला हवा. शून्य अंशाचा साइन शून्य, म्हणून समांतर घटक साइनचा आणि लंब घटक कोसाइनचा.

## टप्पा ७: समीकरण लिहा, आकडे शेवटी

प्रत्येक अक्षासाठी एक समीकरण: त्या दिशेतल्या बलांची चिन्हासह बेरीज = वस्तुमान × त्या दिशेतलं त्वरण. ज्या अक्षावर त्वरण नाही ते समीकरण आधी सोडवा. तिथून बहुतेक वेळा लंब बल मिळतं. लंब बल मिळाल्याशिवाय घर्षणाकडे जायचं नाही.

घर्षणाची पायरी अशी. आधी वस्तू सरकत नाही असं माना. न सरकण्यासाठी किती घर्षण लागेल ते काढा. मग स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा काढा: स्थितिक घर्षण गुणांक × लंब बल. लागणारं घर्षण मर्यादेच्या आत असेल तर वस्तू जागच्या जागी आणि घर्षण लागलं तेवढंच. लागणारं घर्षण मर्यादेबाहेर गेलं तरच वस्तू सरकते, आणि मग गतिज घर्षण घ्यायचं.

> सावध: स्थिर वस्तूवर सरसकट कमाल मर्यादेइतकं घर्षण टाकू नका. तसं केलं तर स्थिर वस्तू उलट दिशेत सरकल्याचं उत्तर येतं.

हे एका पोत्यावर पूर्ण करून पाहू. २० किलोचं पोतं फरशीवर आहे. स्थितिक घर्षण गुणांक ०.५, गतिज ०.४. वजन १९६ न्यूटन.

आडवं ढकललं. उभ्या दिशेत वजन आणि लंब बल दोनच, म्हणून लंब बल १९६ न्यूटन आणि घर्षणाची मर्यादा ९८ न्यूटन. ६० न्यूटनने ढकललं तर घर्षण ६० न्यूटन, पोतं हलत नाही. ११० न्यूटनने ढकललं तर मर्यादा ओलांडली. आता घर्षण ०.४ × १९६ = ७८.४ न्यूटन आणि त्वरण (११० − ७८.४) ÷ २० = १.५८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

दोरीने वरच्या बाजूला ३० अंशांत १०० न्यूटनने ओढलं. ताणाचा उभा घटक ५० न्यूटन वर, आडवा ८६.६ न्यूटन. उभ्या दिशेत तीन बलं: लंब बल आणि ५० वर, १९६ खाली. लंब बल १४६ न्यूटन. मर्यादा ७३ न्यूटन, लागणारं घर्षण ८६.६. पोतं सरकतं. गतिज घर्षण ५८.४ न्यूटन, त्वरण (८६.६ − ५८.४) ÷ २० = १.४१ मीटर प्रति सेकंद वर्ग.

मागून, खालच्या बाजूला ३० अंशांत १०० न्यूटनने ढकललं. आडवा घटक तोच, ८६.६. उभा घटक मात्र आता खाली, म्हणून लंब बल १९६ + ५० = २४६ न्यूटन आणि मर्यादा १२३ न्यूटन. ८६.६ त्याच्या आत आहे. पोतं जागचं हलत नाही.

बल तेच, कोन तोच, पोतं तेच. ओढलं तर निघालं आणि ढकललं तर अडलं. लंब बल म्हणजे वजन असं आधीच लिहून टाकणाऱ्याला दोन्ही ठिकाणी मर्यादा ९८ न्यूटनच येते, म्हणून पोतं हलत नाही हे एकच उत्तर येतं: ओढताना ते चुकतं आणि ढकलताना केवळ योगायोगाने जुळतं. जड कपाट दोरी लावून ओढायला सोपं का जातं, हेही या दोन आकृत्यांच्या फरकात आहे.

## टप्पा ८: उत्तराला प्रश्न विचारा

उत्तर आलं की त्यातली एखादी राशी शून्य किंवा खूप मोठी करून पाहा. लिफ्टचं उदाहरण घ्या. ५० किलोची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. काटा लंब बल दाखवतो, वजन नाही.

लिफ्ट वर २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाली तर लंब बल − ४९० = ५० × २, म्हणजे ५९० न्यूटन. काटा सुमारे ६०.२ किलो दाखवेल. तेवढ्याच त्वरणाने खाली निघाली तर ३९० न्यूटन, काट्यावर सुमारे ३९.८ किलो. आता सूत्राला विचारा: त्वरण शून्य असेल तर? ४९० न्यूटन, बरोबर. लिफ्ट मोकळी पडली तर? लंब बल शून्य, तेही बरोबर.

इथे एक जागा निसरडी आहे. लिफ्ट एकसमान वेगाने वर जात असेल तर काटा ५० किलोच दाखवतो. वर जाते म्हणून आकडा वाढतो असं नाही. आणि वर जाता जाता थांबायला लागली की त्वरण खाली असतं, तेव्हा काटा कमी दाखवतो. प्रश्नात वेगाची दिशा दिली आहे की त्वरणाची, हे वाचताना अधोरेखित करा.

> तपासा: लंब बल ऋण आलं तर वस्तू पृष्ठभागावरून सुटली आहे. दोरीचा ताण ऋण आला तर दोरी सैल पडली आहे. दोन्ही वेळा ते बल शून्य धरून गणित पुन्हा करा.

## घरी करून बघण्याजोगं

स्थितिक आणि गतिज घर्षणातला फरक कागदावर पटत नसेल तर एक जाड पुस्तक घ्या, त्याभोवती दोरा बांधा, दोऱ्याला ताणकाटा अडकवा आणि टेबलावर आडवा, अगदी हळूहळू ओढा. पुस्तक हलायच्या आधी काट्यावरचा आकडा वाढत जातो, आणि त्या प्रत्येक क्षणी घर्षण तितकंच असतं. पुस्तक सुटलं की आकडा थोडा खाली येतो. एकसमान वेगाने ओढत राहिलात तर तो खालचा आकडा म्हणजे गतिज घर्षण. काटा तिरका धरू नका, नाहीतर दोऱ्याचा उभा घटक लंब बल बदलतो आणि तुम्ही मोजता भलतंच.

## सरावासाठी तीन, उत्तरांसह

आधी आकृती काढा, मग पुढे वाचा.

१. रहाट. पाण्यासह १२ किलोची बादली एकसमान वेगाने वर येते आहे. ताण ११७.६ न्यूटन. सुरुवातीला ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने उचलली तेव्हा ताण १२ × १०.३ = १२३.६ न्यूटन होता. जुनी दोरी बहुधा हिसका दिल्यावर तुटते, ती याच वाढीमुळे. रहाटाच्या चाकाच्या आसावरचं बल विचारलं तर कड चाकाभोवती काढा: दोरीच्या दोन्ही बाजू खाली ओढतात, म्हणून एकसमान वेगाच्या वेळी दोरीमुळे आसावर २३५.२ न्यूटन. चाकाचं स्वतःचं वजन त्यात आणखी मिळवायचं.

२. फळीवरचं पोतं. टेम्पोला ३० अंशांत फळी लावली आहे, तिच्यावर ५० किलोचं पोतं स्थिर आहे, स्थितिक घर्षण गुणांक ०.६. घर्षण किती? वजनाचा समांतर घटक २४५ न्यूटन, लंब बल ४२४.३ न्यूटन, मर्यादा सुमारे २५४.६ न्यूटन. उत्तर २४५, फळीच्या वरच्या बाजूला. २५४.६ लिहिलं असेल तर टप्पा ७ पुन्हा वाचा.

३. भिंतीवर दाबलेली वही. अर्धा किलोची वही हाताने भिंतीवर आडवी ३० न्यूटनने दाबून धरली आहे. वही आणि भिंत यांच्यातला स्थितिक घर्षण गुणांक ०.४, हात मात्र गुळगुळीत माना. इथे लंब बल आडवं आहे, ३० न्यूटन, आणि वजनाशी त्याचा काही संबंध नाही. घर्षण उभं, वरच्या दिशेत, ४.९ न्यूटन. मर्यादा १२ न्यूटन. दाब ६० न्यूटन केला तर मर्यादा २४ होते, घर्षण ४.९ च राहतं. दाब कमी करत १२.२५ न्यूटनपर्यंत आणला तरी वही टिकते. त्याखाली गेला की सरकते.